घाबरण्याचा सराव



विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, हे मी गृहीत धरतो. हॉरर व्हिडिओ गेम आणि मानसिक आरोग्य? इथे पोरांच्या झोपेचं खोबरं झालंय आणि हा माणूस म्हणतोय की त्याचा फायदा होतो! बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठून कुठून ही मालिका बघणारे आई-वडील असतील. त्यांना आधीच सांगतो, शेवटी मी तुमच्या बाजूचंही बोलणार आहे. तोवर थोडा वेळ मला सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. माणूस पैसे मोजून घाबरायला का जातो?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. नारायण धारपांच्या कादंबऱ्या लायब्ररीतून आणून रात्री पांघरुणात वाचणारी अख्खी पिढी आपल्याकडे झाली. रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचून झाल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं, तर आधी हात लांब करून दिवा लावायचा आणि मगच पाऊल आत टाकायचं. आजोळी लाइट गेले की कंदिलाभोवती मुंज्याच्या, हडळीच्या, वेताळाच्या गोष्टी सुरू व्हायच्या. पोरं एकमेकांना चिकटून बसायची आणि गोष्ट संपली की म्हणायची, "अजून एक!" घाबरण्यात काहीतरी गोडी आहे, हे आपल्याला आजीनं केव्हाच शिकवून ठेवलंय.

गेममध्ये मात्र एक गोष्ट बदलते. पुस्तकात त्या बंद खोलीचं दार नायक उघडतो. सिनेमात तुम्ही डोळे मिटून घेतलेत तरी दार उघडतंच. गेममध्ये दारासमोर तुम्ही स्वतः उभे असता. बटण दाबलं नाही तर दार उघडत नाही. तासभर तिथेच उभे राहा, कुणी काही म्हणणार नाही, पण गोष्टही पुढे सरकणार नाही. भीती वाटतेय, आणि तरी हात तुम्हालाच हलवायचाय.

माझं आजचं सगळं म्हणणं यात आलं. भीती जायची वाट न बघता, भीती असतानाच पुढचं काम करायचं, या गोष्टीचा सराव अवघड हॉरर गेम देतात. नीट खेळले तर. या 'नीट'वर मी पुढे बरंच बोलणार आहे.

ज्यांनी हे गेम कधी बघितलेच नाहीत, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो.

१९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 'रेसिडेंट इव्हिल' नावाचा गेम आणला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव या गेममुळेच रूढ झालं. एक जुना वाडा, आत झॉम्बी, आणि तुमच्याकडे मोजक्या गोळ्या. सामान ठेवायला जागाही मोजकीच, त्यामुळे औषध ठेवू, गोळ्या ठेवू की किल्ली ठेवू, हा हिशोब सतत डोक्यात. सगळ्यात कहर म्हणजे गेम सेव्ह करायला टाइपरायटर शोधावा लागतो, आणि त्याला लागणारी शाईची रिबिनसुद्धा मोजकी. पण टाइपरायटर ज्या खोलीत असतो तिथे एक शांत संगीत वाजत असतं, आणि झॉम्बी तिथे येत नाहीत. त्या खोलीत शिरलं की खेळणाऱ्याचे खांदे आपोआप खाली येतात. ताण, विसावा, पुन्हा ताण, पुन्हा विसावा, अशी या गेमची लय आहे. ही लय लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

२०१० साली स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सनं 'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट' आणला. त्यात तुमच्या हातात शस्त्रच नाही. एक कंदील आहे, त्यातलं तेल संपत जातं. अंधारात फार वेळ थांबलात तर नायकाचं मन ढळायला लागतं, पडदा थरथरतो. उजेडात उभे राहिलात तर राक्षसाला तुम्ही दिसता. राक्षसाकडे टक लावून बघितलंत तरी मन ढळतं. मग करायचं काय? लपायचं, कान देऊन ऐकायचं, योग्य वेळी निघायचं.

आणि तिसरा, माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात नकोसा: 'एलियन: आयसोलेशन', २०१४, ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा. मोडकळीला आलेल्या एका अंतराळ स्थानकावर अमांडा रिप्ली ही इंजिनिअर अडकलीय, आणि तिथे एक प्राणी फिरतोय. त्याला मारता येत नाही. फार तर आगीच्या झोतानं थोडा वेळ पळवून लावता येतं. त्याची ये-जा आधी ठरवून ठेवलेली नसते. गेमचा एक भाग त्याला तुम्ही साधारण कुठल्या बाजूला आहात एवढं सुचवत राहतो, आणि बाकी शोध तो स्वतःच्या डोळ्या-कानांनी घेतो. त्यामुळे पाठांतर चालत नाही. तुम्ही कपाटात लपता, तो कपाटाशी येऊन वास घेतल्यासारखा थांबतो, आणि तुम्ही बटण दाबून अमांडाचा श्वास रोखून धरता. गंमत म्हणजे त्या वेळी तुमचाही श्वास रोखलेला असतो. ते करायला कुणी सांगितलेलं नसतं!

आता तुमच्या शरीराकडे वळू. त्या कपाटात बसल्यावर काय होतं? छाती धडधडते. तळहात ओले होतात. मान आखडते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, शरीर पळायच्या तयारीला लागतं. त्याच वेळी मेंदूच्या दुसऱ्या भागाला पक्कं माहीत असतं की आपण खुर्चीत बसलोय, बाजूला चहाचा कप आहे आणि पॉजचं बटण बोटाखाली आहे. ऑफिसमध्ये फायर ड्रिल होतं ना, तसं हे आहे. घंटा खरी वाजते, आग लागलेली नसते. जिना उतरायचा सराव मात्र खराच होतो.

या सरावाचं महत्त्व मला का वाटतं, हे सांगायला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी मला पॅनिक अटॅक यायला लागले.

पहिला आला मेट्रोत. बंगळूरच्या पर्पल लाइनवर एम. जी. रोड स्टेशन उंच पुलावर आहे, आणि तिथून पुढे कब्बन पार्कच्या आधी गाडी जमिनीखाली जाते. खिडकीतला उजेड गेला आणि एकदम छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. हार्ट अटॅकच आला, अशी खात्री वाटली. मेट्रोत काहीही बिघडलेलं नव्हतं, गाडी वेळेवर धावत होती. दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका.

मी टेन्शन घेतलं नाही, मी मेट्रो सोडली. रिक्षानं जायला लागलो. मग लिफ्ट सोडली. मग थिएटर. मग ज्या मीटिंगच्या खोलीला खिडकी नाही ती खोली. आत्येभावाचं लग्न सोलापूरला होतं, गेलो नाही. रात्रभर रेल्वेच्या डब्यात असताना तसंच झालं तर? आईला सांगितलं, रजा मिळत नाही.

यातली मेख अशी, की प्रत्येक वेळी टाळल्यावर बरं वाटायचं. खरोखर बरं वाटायचं. आणि त्या बरं वाटण्यातून मेंदू शिकत होता: बघ, टाळलं म्हणून वाचलास. भीतीला खतपाणी मिळतं ते असं. घर तेवढंच असतं, आपण मात्र एकेक खोली बंद करत जातो.

शेवटी बायकोनं पाठपुरावा करून एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमची वेळ घेतली. त्यांनी जी पद्धत वापरली तिला एक्स्पोजर थेरपी म्हणतात. त्यांची कल्पना फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात भीतीची शिडी करून एकेक पायरी चढण्याची पद्धत मांडली. पुढच्या संशोधकांनी त्यात बरीच भर घातली. आज मिशेल क्रास्क यांच्यासारखे अभ्यासक सांगतात की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवा अनुभव तयार होतो: 'मला वाटलं होतं ते घडलं नाही, आणि घाबरलेलो असतानाही मला निभावता आलं.' हा नवा अनुभव जितक्या वेळा येईल तितका तो घट्ट होतो.

आम्ही कागदावर शिडी काढली. पहिली पायरी: स्टेशनात जाऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, गाडीत चढायचंच नाही. मग पुलावरचं एक स्टेशन. मग बायकोबरोबर भुयारातलं एक स्टेशन. मग एकट्यानं. प्रत्येक वेळी भीती शून्य ते दहात किती, हे लिहायचं. आणि एक नियम: आकडा सर्वांत वर असताना पळ काढायचा नाही.

हे चालू असताना मी रात्री 'एलियन: आयसोलेशन' खेळत होतो. गेमची आवड आधीपासूनची होती. एके दिवशी कपाटात लपलेलो असताना सवयीनं मनात आकडा आला: आठ. आणि मी स्वतःलाच विचारलं, आठवर असताना तू आत्ता काय करतोयस? मी ऐकत होतो. प्राण्याची पावलं कुठल्या बाजूला जातात हे बघत होतो. पुढचं कपाट किती लांब आहे याचा अंदाज घेत होतो. आकडा सहावर आला, तेव्हा मी दार उघडून त्या पुढच्या कपाटापर्यंत गेलो. एवढंच. अख्खं स्थानक पार करायचा विचार त्या वेळी डोक्यात नव्हताच.

मेट्रोत आठवर असताना मी काय करायचो? स्वतःची नाडी मोजायचो. मोजली की ती वाढायची. वाढली की पुन्हा मोजायचो.

हे मी मॅडमना सांगितलं. गेमचं नाव ऐकून त्या हसल्या, पण मुद्दा त्यांनी लगेच पकडला. प्लॅटफॉर्मवरही तेच करा म्हणाल्या: लक्ष आत न वळवता बाहेर वळवा, आणि फक्त पुढच्या कपाटाचा विचार करा. तेव्हापासून आमच्या कागदावर स्टेशनांना 'कपाट' हेच नाव पडलं.

आता एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण या विषयात अतिशयोक्ती फार लवकर होते. गेम खेळून माझी मेट्रोची भीती गेली नाही. ती मेट्रोत बसूनच गेली. गेममुळे मला एवढंच कळलं की छाती धडधडत असतानाही माझं डोकं चालतं. माझ्या बाबतीत हे कळणं फार मोठं होतं, कारण धडधड सुरू झाली की सगळं संपलं, असं मी धरून चाललो होतो.

हा माझा एकट्याचा अनुभव आहे. एका माणसाच्या अनुभवावरून सगळ्यांना सल्ला देऊ नये. म्हणून अभ्यासकांनी काय बघितलंय, तेही बघू.

डेन्मार्कमध्ये ऑर्हुस विद्यापीठात मथियास क्लासेन आणि त्यांचे सहकारी 'करमणुकीची भीती' याच विषयाचा अभ्यास करतात. त्यांच्या प्रयोगशाळेचं नावच तसं आहे. वेय्ले गावात एका बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात भुताचा वाडा उभारला जात असे. तिथे येणाऱ्या शंभराहून अधिक लोकांच्या अंगावर त्यांनी हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भीती अगदी कमी असेल तर मजा नाही, आणि फार झाली तरी मजा नाही. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे सगळ्यात जास्त आनंद मिळतो. आपल्या भाषेत, मिठासारखं आहे. आणि प्रत्येकाचं मीठ वेगळं.

त्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. काही लोक भीतीला खतपाणी घालतात, किंचाळतात, स्वतःला सैल सोडतात. काही लोक तिला आवर घालतात, दुसरीकडे बघतात, 'हे खोटं आहे' असं स्वतःला बजावतात. समाधान मात्र दोघांनाही सारखंच मिळालं. पुढच्या एका अभ्यासात, भीतीला कसंबसं तोंड देणारे लोक म्हणाले की आम्हाला स्वतःबद्दल काहीतरी नवीन कळलं. माझा नंबर याच गटात. मी शूर वगैरे अजिबात नाही.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ मार्गी कर यांनी पिट्सबर्गच्या अशाच एका भयघराचा अभ्यास केला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आत जाण्यापूर्वी थकलेले, कंटाळलेले, ताणात असलेले बरेच लोक बाहेर आल्यावर हलके झालेले आढळले. रडून झाल्यावर किंवा घाम गाळून आल्यावर वाटतं, त्यातलाच हा प्रकार असावा.

कोविडच्या पहिल्या लाटेत कोल्टन स्क्रिव्हनर आणि क्लासेन वगैरे मंडळींनी पाहणी केली. २०२१ मध्ये ती छापून आली. भयपटांच्या चाहत्यांमध्ये त्या काळातला मानसिक त्रास तुलनेनं कमी दिसला. हे ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. भयपट बघून ते कणखर झाले, की मुळात कणखर माणसंच भयपट बघतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. आणि यातले बरेच अभ्यास वाड्यांचे आणि सिनेमांचे आहेत, गेमचे नाहीत.

गेमचाच म्हणाल तर मला सगळ्यात बोलका वाटतो तो 'माइंडलाइट'. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या इसाबेला ग्रॅनिक यांच्या गटानं तो चिंतेचा त्रास असलेल्या मुलांसाठी तयार केला. छोटा आर्टी आजीच्या घरी येतो, तर सगळं घर अंधारात बुडालेलं, आत भीतीदायक आकृत्या. खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर मेंदूतल्या लहरी टिपणारा पट्टा असतो. मूल शांत झालं की आर्टीजवळचा दिवा उजळतो, आणि उजेडात त्या आकृत्यांचं खरं रूप दिसतं. म्हणजे भुताकडे जायचं, आणि जाताना स्वतःला शांत करायचं. प्रत्यक्ष चाचणीत मुलांची चिंता कमी झाली. नंतरच्या चाचणीत तर हा गेम नेहमीच्या समुपदेशन कार्यक्रमाच्या तोडीचा ठरला. पण २०१६ च्या अभ्यासात दुसऱ्या गटाला बाजारातला एक साधा, भुताखेतांशी संबंध नसलेला गेम दिला होता. त्या मुलांची चिंताही तेवढीच कमी झाली! आता याचा अर्थ काय लावायचा? कदाचित मोठ्या माणसांनी लक्ष दिलं, आता बरं वाटेल अशी आशा वाटली, अवघड काम हळूहळू जमत गेलं, याचाही वाटा मोठा असेल. मला हा निकाल आवडतो. तो आपल्याला जमिनीवर ठेवतो.

२०१५ चा 'नेव्हरमाइंड' हा गेमही याच जातीचा. त्यात हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर जोडता येतो. तुम्ही घाबरलात की गेम आणखी अवघड होतो, शांत झालात की सोपा. घाबरणं थांबवा असं तो सांगत नाही. आपण घाबरलोय हे लवकर ओळखायला शिकवतो. आपल्यातल्या कितीतरी जणांना, विशेषतः पुरुषांना, आपण घाबरलोय हे ओरडून झाल्यावर कळतं.

विषयात 'अवघड' हा शब्द मी मुद्दाम घेतलाय. सोपा हॉरर गेम म्हणजे नुसता दचकवण्याचा खेळ. अवघड गेममध्ये तुम्ही मरता. परत परत मरता. त्याच बोळात, त्याच वळणावर. पहिल्यांदा वाटतं हे अशक्य आहे. पाचव्यांदा लक्षात येतं, आपण धावतोय म्हणून आवाज होतोय. आठव्यांदा तुम्ही चालत जाता. बाराव्यांदा पार! आपल्याकडे परीक्षा, नोकरी, लग्न सगळीकडे पहिल्याच फटक्यात जमायला हवं असा दबाव असतो. चुकायला जागाच नसते. इथे चूक स्वस्त आहे. चुकलं की शोकसभा भरत नाही, शेवटच्या टाइपरायटरपासून पुन्हा सुरू. पाय लटपटत असताना शांतपणे चूक शोधायची, हे कौशल्य इंटरव्ह्यूच्या खोलीतही लागतं आणि आजारी माणसाच्या उशाशीही लागतं.

आणखी एक फायदा दुसऱ्याचं दुःख कळण्याचा. २०१७ च्या 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' या गेमची नायिका सेनुआ हिला सायकोसिस आहे, कानात सतत आवाज येतात. केंब्रिजच्या निंजा थिअरी स्टुडिओनं तो करताना मानसोपचाराचे प्राध्यापक पॉल फ्लेचर यांची, आणि हा अनुभव स्वतः घेतलेल्या लोकांची मदत घेतली. हेडफोन लावून खेळलं की कुजबुज डावीकडून, उजवीकडून, मानेमागून येते. काही आवाज घाबरवतात, काही टोमणे मारतात, काही मदतही करतात. 'कानात आवाज येतात' हे वाक्य आपल्याकडे थट्टेत वापरलं जातं. तो गेम खेळून झाल्यावर मला ती थट्टा ऐकवत नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे दुसरी बाजू.

हे गेम सगळ्यांसाठी नाहीत. अशा बहुतेक गेमवर प्रौढांसाठी असा शिक्का असतो आणि तो उगाच नसतो. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या भावाच्या शेजारी बसवून हे दाखवू नका. ज्यांच्यावर खरा आघात झालाय, हल्ला, अपघात, अत्याचार, त्यांच्यासाठी अशी दृश्यं म्हणजे ड्रिल नसते, जुनी आगच पुन्हा पेटते. सायकोसिसचा त्रास असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि झोपायच्या आधीचा तास हा या खेळाचा तास नव्हे. अ‍ॅड्रेनलिन घेऊन गादीवर पडलं की झोप येणार कशी?

दुसरा धोका जास्त छुपा आहे. गेम हीच टाळाटाळ होऊ शकते. गेममधल्या राक्षसाला रोज तोंड देतो, पण आलेल्या नोटिसीचं पाकीट उघडत नाही, असं होत असेल तर सराव चालू नाही, पळ चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डरला आजारांच्या नव्या यादीत स्थान दिलंय, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खूण नुसत्या तासांची नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या आयुष्यापेक्षा गेम मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे बराच काळ चालू राहतं, अशी ती खूण आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं क्लिनिक चालतं. आणि देशात कुठूनही, आपल्या भाषेत बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. हा नंबर आत्ता फोनमध्ये घालून ठेवा. स्वतःसाठी नसेल तर शेजाऱ्यासाठी.

तर 'नीट' खेळायचं म्हणजे कसं? माझे नियम सांगतो. दिवसा किंवा संध्याकाळी खेळायचं. सुरुवातीला खोलीत दिवा चालू ठेवायचा आणि सोपी पातळी निवडायची. त्यात कमीपणा काही नाही, आपलं मीठ आपण ठरवायचं. शक्य असेल तर कुणाला तरी शेजारी बसवायचं. माझी बायको भाजी निवडत शेजारी बसते आणि "अरे मागे बघ, मागे!" असं ओरडते. निम्मी भीती तिथेच पळते. मधे थांबून आकडा काढायचा, शून्य ते दहात किती? आठच्या वर गेला तर पॉज करून श्वास हळू सोडायचा, आत घेताना लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ. आकडा खाली आला की एक छोटं पाऊल पुढे जायचं, आणि मग त्या दिवसापुरतं थांबायचं. ताण आणि विसावा, ती टाइपरायटरच्या खोलीची लय आपणच सांभाळायची. नुसतं घाबरून बंद केलं तर शेवटची आठवण भीतीची राहते. एक दार उघडून बंद केलं तर ती दार उघडल्याची राहते.

आणि शेवटचा नियम. आठवड्यातून एकदा स्वतःला विचारायचं, खऱ्या आयुष्यातलं एखादं कपाट या आठवड्यात पार केलं का? टाळलेला फोन, टाळलेली तपासणी, टाळलेलं बोलणं. उत्तर सलग तीन आठवडे 'नाही' आलं, तर गेम बाजूला ठेवायचा आणि माणसाशी बोलायचं.

आई-बाबांनो, तुमचं वयात आलेलं मूल हेडफोन लावून असा गेम खेळत असेल, तर "काय हे घाणेरडं!" म्हणून वायर काढण्यापूर्वी एकदा शेजारी बसा. विचारा, "कुठे अडकलायस? कशाची भीती वाटतेय? मग आता काय करणार?" आपल्या घरांमध्ये 'घाबरू नकोस' हे वाक्य हजारदा बोललं जातं. 'घाबरलास की तू काय करतोस?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गेमच्या निमित्तानं तो विचारता येतो. उत्तर कदाचित गेमबद्दल असेल. कदाचित शाळेबद्दल, कॉलेजबद्दल असेल. दोन्ही ऐकून घ्या.

बाकी घाबरायला हरकत नाही. हात हलता ठेवा, म्हणजे झालं.